लाईट आली का? : एका चॅट ॲपच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज करून काल रात्री गावाहून पुण्याला परतलो. चार रात्री गावी होतो आणि चारही रात्री काकांचा, म्हणजे नानांचा, फोन उशाशी उजळताना पाहिला. एक वाजता, दोनला, सव्वातीनला. नाना उठतात, चष्मा चाचपतात, शिवाराच्या गटावर आलेले साठ-सत्तर मेसेज अंगठ्यानं वर ढकलतात आणि पुन्हा आडवे होतात. त्या ढिगात फुलांवर लिहिलेलं शुभ रात्री असतं, नारायणगावचा टोमॅटोचा भाव असतो, कुणाच्या नातवाचा वाढदिवस असतो. मध्येच कुठंतरी दोन शब्द असतात: लाईट आली. ही सगळी जागरणं त्या दोन शब्दांसाठी.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाव जुन्नर तालुक्यात. गावठाणाचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, वेगळा, शेतीपंपांचा वेगळा. घरात दिवा जळत असला तरी मळ्यातल्या मोटारीला लागणारी थ्री फेज वीज आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. थ्री फेज पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वेळापत्रक असतं, पण फ्यूज उडतो, तार तुटते, वेळ सरकते. ऑटो बसवला की मोटार आपली आपण चालू होते हे खरं, पण सगळ्यांचे ऑटो एकदम खटकले की ताण डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, येतो. आमची डीपी तशीच एकदा जळली. दुसरी बसेपर्यंत कांदा वाळला. तेव्हापासून या डीपीवरच्या सगळ्यांनी ऑटो काढून ठेवलेत. उठून जायचं आणि पाळीनं मोटारी चालू करायच्या. जायचं म्हणजे अंधारात, उसाच्या कडेनं. जुन्नरमध्ये उसाची कड म्हणजे काय हे सांगायला नको.

निघताना नाना म्हणाले, "तू कम्प्युटरवाला ना? मग एवढं करून दे. लाईट आली तर उठव. बिबट्या दिसला तर उठव. बाकी सगळं मी सकाळी चहाबरोबर वाचतो."

इतकी स्वच्छ मागणी चौदा वर्षांच्या नोकरीत मला कुठल्याही ग्राहकानं दिलेली नाही.

६ नोव्हेंबर

नवं ॲप कशाला, हा पहिला प्रश्न. सगळे वापरतात त्या ॲपमध्ये गट गप्प करता येतो, गटाला वेगळा आवाज देता येतो; पण अमुक मेसेज आला तरच वाजव, असं सांगायची सोय नाही. गट गप्प केला तर लाईटही गप्प. दुसरा 'फक्त लाईट' नावाचा गट दादानं (नानांचा मुलगा, माझा चुलतभाऊ) दोन वर्षांपूर्वी काढून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी त्यावर गुलाब आले.

शब्द दिसला की घंटा, ही कल्पना माझ्या डोक्यात कॉलेजच्या दिवसांपासून आहे. तेव्हा आयआरसीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या गप्पांच्या खोल्यांत, पडीक असायचो. आयआरसी १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलं. माझ्याहून वयानं थोडंसंच मोठं. त्याच्या जवळपास प्रत्येक क्लायंटमध्ये शब्दांची यादी देता यायची. यादीतला शब्द आला की ओळ रंगायची, बीप वाजायचा. नानांना हवंय ते हेच, असं आज तरी वाटतंय.

१० नोव्हेंबर

प्रोटोकॉल, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलायचे नियम. स्वतःचा लिहायचा नाही, हे आधीच ठरवून टाकलं. वेबसॉकेटची जोडणी उघडून जेसनच्या साच्यात मेसेज फेकायला एक दुपार लागते, पण त्यानंतर 'लिंक तुटली तेव्हा मधले मेसेज गेले कुठं' याला दोन वर्षं लागतात.

तयार, उघड्या प्रोटोकॉलांपैकी स्पर्धेत दोघे उरले. मॅट्रिक्स (२०१४ पासूनचं) मला एका कारणानं फार आवडलं: कोणत्या मेसेजला सूचना द्यायची याचे नियम प्रोटोकॉलमध्येच आहेत आणि ते सर्व्हरवर साठतात, म्हणजे फोन बदलला तरी नियम टिकतात. पण त्याचा नेहमीचा सर्व्हर, सिनॅप्स, माझ्या एक जीबी रॅमच्या भाड्याच्या मशीनवर सुखानं नांदेल असं वाटलं नाही.

एक्सएमपीपी जुनं, १९९९ च्या जॅबरपासूनचं, दिसायला रुक्ष. पण प्रॉसडी हा ल्युआ भाषेत लिहिलेला सर्व्हर त्याच मशीनच्या कोपऱ्यात बसतो. आणि लिंक तुटण्याच्या रोगावर इलाज एक्सईपी, म्हणजे प्रोटोकॉलच्या पुरवण्या, म्हणून तयार आहेत: एक्सईपी-०१९८ मुळे तुटलेलं सत्र जिथं थांबलं तिथून पुढं चालतं, एक्सईपी-०३१३ मुळे हुकलेले मेसेज सर्व्हरच्या साठ्यातून मागून घेता येतात. आमच्या ओढ्यालगत एक दांडी रेंज येते आणि वारा फिरला की जाते. तिथं हे दोन इलाज म्हणजे अर्धं ॲप.

एक्सएमपीपी पक्कं.

डेस्कटॉपचा क्लायंट लिहायचा नाही. तो बनवायला इलेक्ट्रॉन हे साधन बरं की टाउरी यावर मित्राशी तासभर वाद घातला, मग लक्षात आलं की लॅपटॉप वापरणारा सभासद मी एकटाच आहे. मला गाजिम हा एक्सएमपीपीचा तयार क्लायंट पुरतो. उघड्या प्रोटोकॉलचा हा फायदा फुकटात पडला.

१६ नोव्हेंबर

दोन दिवस फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात घालवले, कारण ते मला येतं. पडदे झटपट झाले. मेसेजची यादी, लिहायची चौकट, नावांचे रंग, सगळं दोन संध्याकाळींत. मग सूचनेकडे वळलो आणि प्रत्येक गोष्टीला प्लगइन, प्लगइनला पुन्हा कोटलिनचा, म्हणजे अँड्रॉइडच्या स्वतःच्या भाषेचा, पूल. या ॲपमध्ये पडदा हा दुय्यम आहे. ते बहुतेक वेळ बंद पडद्यामागंच जगणार. जे काम शंभर टक्के अँड्रॉइडच्या पोटातलं आहे ते बाहेरून काडीनं कशाला करायचं?

म्हणून थेट कोटलिन, पडद्यांसाठी जेटपॅक कंपोझ, एक्सएमपीपीसाठी स्मॅक लायब्ररी. कमीत कमी अँड्रॉइड ८, कारण सूचनांचे चॅनेल, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या सूचनेला वेगळा आवाज द्यायची सोय, तिथून (२०१७) सुरू होतात. दादानं डीपीवरच्या सगळ्यांचे फोन मोजून पाठवले: सदतीस फोन, सगळ्यांत जुना ८.१ चा, सगळ्यांत नवा १४ चा. आयफोन एकही नाही. देव पावला.

२० नोव्हेंबर

मतदानाला गावी आलो, त्यातच सहा फोनांवर ॲपची पहिली फाईल, एपीके, टाकली. 'अनोळखी ठिकाणचं ॲप' या इशाऱ्याला कुणी भ्यालं नाही. घाबरले ते परवानगीच्या चौकटीला. अँड्रॉइड १३ पासून (२०२२) ॲपला सूचना दाखवायची असेल तर आधी विचारावं लागतं. समोरच्या मळ्यातल्या आप्पांचा नियम असा की फोननं काहीही विचारलं की 'नको' दाबायचं. दोनदा नको दाबलं की अँड्रॉइड पुन्हा विचारतच नाही. मग सेटिंगमध्ये शिरून हातानं चालू करावं लागलं.

उद्याचं काम: परवानगी ॲप उघडताक्षणी मागायची नाही. आधी मराठीत एक वाक्य: 'लाईट आली की फोन वाजावा असं वाटत असेल तर पुढच्या चौकटीत होकार द्या.'

२४ नोव्हेंबर

काल निकाल लागला. गटावर दिवसभरात किती मेसेज आले ते मोजलं नाही, पण शब्दांच्या नियमांची अशी कसोटी पुन्हा मिळणार नव्हती. नियम साधा ठेवला होता. प्रत्येकानं आपापले शब्द द्यायचे, शब्द मजकुरात सापडला की घंटा. नानांनी दोनच दिले: लाईट, बिबट्या. दादानं हौसेनं पाच दिले, त्यात 'ऊस' आणि 'पाणी'.

दादाचा फोन कुणीही 'पाऊस' म्हटलं की वाजायला लागला. पा-ऊस. शब्दात शब्द. आणि ज्या मेसेजला वाजायला हवं होतं, 'उसात काहीतरी हाललं', तिथं मुका, कारण तिथं ऊस नाहीच, उसात आहे. पाणीचंही तेच: पाण्याला, पाण्याची, पाण्यावरनं. शाळेत सामान्यरूपावर बाईंनी छड्या दिल्या होत्या, त्या आज वसूल झाल्या.

रात्री मॅट्रिक्सचं स्पेसिफिकेशन पुन्हा उघडून पाहिलं, त्यांनी हे कसं सोडवलंय म्हणून. त्यांच्याकडे शब्दाची हद्द म्हणजे इंग्रजी अक्षरं, अंक आणि अधोरेषा सोडून कुठलंही चिन्ह. म्हणजे देवनागरीचं प्रत्येक अक्षर हीच हद्द! त्यामुळे 'लाईट' हा शब्द 'लाईटचा' मध्ये आपोआप सापडतो. ज्यांनी मराठीचा विचारच केला नाही त्यांच्या नियमानं मराठी प्रत्यय फुकट जुळतात. अर्थात पाऊस तिथंही वाजणारच.

माझा उपाय: शब्दाची सुरुवात कडक, शेवट सैल. म्हणजे आधी मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं, पुढं प्रत्यय कितीही चालतील. आणि सामान्यरूप बदलणाऱ्या शब्दांची हातानं केलेली जोडी: ऊस-उसा, पाणी-पाण्या, पाऊस-पावसा. वीस शब्द पुरे झाले.

वर लेखनाची तऱ्हा. लाईट, लाइट, लाईत, लाइत आणि रोमन लिपीत दोन प्रकार. 'दऱ्याचा मळा' हे नाव दोन फोनांवरून दोन वेगळ्या सांकेतिक क्रमांनी येतं: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. तेही हातानं केलं. 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र, त्याचीही तीच कथा.

मजा आली, खोटं कशाला बोलू.

२८ नोव्हेंबर

सगळी मजा पाण्यात.

रात्री बाराला थ्री फेज यायची होती, आली नाही. साडेबाराला कुणीतरी लिहिलं: लाईट आली का? सहाही फोन गजरासारखे ठणाणले. सहा माणसं उठली. त्यांतल्या दोघांनी विचारलं: आली का लाईट? पुन्हा सहा फोन. पाऊण वाजता आप्पांनी लिहिलं: लाईट नाय आली, झोपा. तेही वाजलं.

दादाचा सकाळी फोन आला. "आधी आम्ही आपणहून जागत होतो. आता तू जागवतोस."

प्रश्नचिन्ह असेल तर वाजवू नको, असा नियम घालायला बसलो होतो. मग मागचे मेसेज चाळले. प्रश्नचिन्ह कुणी देतच नाही. 'लाईट आली का', 'आली का नाय', 'आली म्हणं', 'आली बरं का'. शेवटच्यात 'का' आहे आणि ती पक्की बातमी आहे. त्याच्या आधीच्यात 'का' नाही आणि ती ऐकीव. हे वाक्य वाचून निवडणारं यंत्र मी लिहू शकेन. पण अंधारात उभ्या माणसाला जे आधीच माहीत आहे ते त्याच्या वाक्यातून हुडकून काढायला यंत्र कशाला? त्यालाच विचारावं.

१ डिसेंबर

लिहायच्या चौकटीच्या वर दोन मोठी बटणं. पिवळं: लाईट आली. लाल: बिबट्या. दाबलं की गटात मेसेज जातो आणि त्याच्यासोबत एक छोटा निराळा टॅग. गजर फक्त टॅगला. हातानं लिहिलेला कुठलाही मेसेज, त्यात काहीही असो, कुणाला उठवणार नाही.

शब्दांची यंत्रणा फेकली नाही. तिची पायरी उतरवली: ती आता आवाज न करता सकाळच्या यादीत ओळ वर आणून ठेवते.

बटण कुणी दाबायचं यावर नानांशी बोललो. मी म्हणालो, डीपीजवळच्या तीन-चार जणांनाच अधिकार देऊ. नाना म्हणाले, "सगळ्यांना दे. पण कुणी दाबलं त्याचं नाव मोठ्या अक्षरात दिसू दे." मी म्हणालो, नाना, पोरं खेळतील. म्हणाले, "पोराच्या बापाचं नाव दिसंल ना?"

तेच केलं.

५ डिसेंबर

चॅनेलवर एक अख्खी संध्याकाळ गेली, चूक माझीच. 'उठवा' हा चॅनेल आधी साध्या आवाजानं तयार केला होता. मग कोडमध्ये आवाज बदलला, महत्त्व वाढवलं. फोनवर ढिम्म फरक नाही. चॅनेल एकदा तयार झाला की त्याचा आवाज आणि महत्त्व फोनच्या मालकाच्या हाती जातं, ॲपच्या नाही. बरोबरच आहे ते. मग चॅनेल पुसून त्याच नावानं पुन्हा केला, तर जुन्या सेटिंगसकट तो थडग्यातून उठून आला. ओळखनाव बदलून 'उठवा२' केलं तेव्हा जमलं. सेटिंगच्या पानावर पुसलेल्या चॅनेलचा आकडा दिसतो. माझ्या फोनवर तो आता नऊ आहे.

गजराचा आवाज सूचनेच्या वाटेनं न काढता अलार्मच्या वाटेनं काढला. त्यामुळे घंटी बंद असली तरी अलार्मच्या पट्टीवर वाजतो. नानांची घंटी कायम बंद असते; कीर्तनात एकदा वाजली होती तेव्हापासून.

८ डिसेंबर

आवाज कसला? फोनमधले तयार सूर मळ्यात चालत नाहीत. ट्रॅक्टर सुरू असतो, नाहीतर माणूस गोधडीत असतो. आणि दोन सूर दिले तर कुठला लाईटचा आणि कुठला बिबट्याचा हे झोपेत कोण आठवणार?

वहिनींच्या आवाजात रेकॉर्ड केलं. त्या बांधावरून हाक मारतात तशीच: "लाईट आली ओऽऽ!" तीन सेकंद. आणि दुसरं: "बिबट्या! बिबट्या हाय, बाहेर पडू नका!" हात चिखलात असले तरी पडद्याकडे बघायची गरज नाही. दुसरं रेकॉर्डिंग पाच वेळा करावं लागलं, कारण पहिल्या चार वेळा वहिनींना हसू येत होतं आणि पाचव्या वेळी शेजारच्या सासूबाई खरंच काठी घेऊन आल्या.

आवाज चॅनेलला चिकटतो, म्हणून लाईट आणि बिबट्या हे आता दोन वेगळे चॅनेल. उरलेल्या गप्पांसाठी तिसरा, मुका.

'लिहीत आहे' आणि 'शेवटचं पाहिलं' या सोयी काढून टाकल्या. वहिनीच म्हणाल्या, "रात्री दोनला कोण जागं हाय ते सगळ्या गावाला कशाला?"

१५ डिसेंबर

आतापर्यंत ॲप स्वतः सर्व्हरशी अखंड जोडलेलं राहत होतं, वर कायमची एक सूचना ठेवून. सहापैकी दोन फोनांवर ते रात्री मरतं. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) फोन पडून राहिला की डोझ नावाच्या झोपेत जातो. पार्श्वभूमीतल्या ॲपचं नेटवर्क मधल्या ठरावीक खिडक्यांपुरतं उघडतं. त्यातून वाटा आहेत. पण काही कंपन्या त्याच्यावर स्वतःची बॅटरी वाचवायची कात्री चालवतात, आणि अलीकडच्या यादीतून ॲप बोटानं उडवलं की ते सक्तीनं बंद केल्यासारखंच धरतात. कुठल्या कंपन्या हे लिहीत नाही. तालुक्यातले अर्धे फोन त्यांचेच आहेत.

दर पंधरा मिनिटांनी उठून विचारणं हा पर्याय कामाचा नाही. अशी कामं ठरवून देणाऱ्या अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरची किमान मुदत तीच आहे, पण पंधरा मिनिटांत पाळी निघून जाते.

म्हणून एफसीएम, म्हणजे गूगलच्या वाटेनं ढकललेली सूचना. सगळ्यांत वरच्या प्राधान्यानं पाठवली तर डोझमधल्या फोनलाही जागं करते. मनाला थोडं लागलं; स्वतःचा सर्व्हर, उघडा प्रोटोकॉल आणि शेवटी हाक त्यांच्याच दारातून. युनिफाइडपुश या गूगलशिवायच्या उघड्या वाटेचा विचार केला, पण त्यालाही कुठलं तरी एक ॲप जागं राहावं लागतं, आणि जागं राहू न देणं हाच तर या फोनांचा रोग.

२२ डिसेंबर

सर्व्हरकडून एफसीएमला हाक मारणारं प्रॉसडीचं मॉड्यूल मीच लिहिलं. एक्सईपी-०३५७ हे मुळात 'तुझ्यासाठी काहीतरी आलंय' एवढं कळवण्यासाठी. मग फोननं जोडणी करून काय आलंय ते आणायचं. ओढ्यालगत ते आणणंच जमत नाही. म्हणून गजराच्या दोन प्रकारांत मजकूर हाकेतच घातला. एका हाकेत ४०९६ बाइट मावतात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साधारण तेराशे पासष्ट चिन्हं. 'लाईट आली' म्हणजे २२ बाइट. जागा उदंड.

तरी आपटलो. लांब मेसेजची झलक म्हणून पहिले शंभर बाइट कापत होतो. ल्युआला अक्षर कळत नाही, बाइट कळतात. तीननं शंभराला भाग जात नाही, त्यामुळे चौतिसावं चिन्ह मधोमध चिरलं गेलं आणि समोरून चुकीची विनंती म्हणून हाक परत आली. बाइट सांभाळून कापलं तर पुढची पायरी: 'बिबट्या' चिरून 'बिबट्'. शेवटी कापायचं काम सर्व्हरकडून काढून फोनला दिलं; तिथं आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीला अक्षर कुठं संपतं ते कळतं.

दुसरी फजिती याहून मोठी. जुन्या लेखातली कायमची चावी वापरायची पद्धत २०२४ मध्येच बंद झालीय. नव्या पद्धतीत टोकन, म्हणजे तात्पुरती चावी, घ्यावं लागतं आणि ते तासाभरानं मरतं. मी ते सर्व्हर चालू होताना एकदा घेत होतो. नऊला चालू केला, साडेनऊला चाचणी झकास, झोपलो. दहानंतर सर्व्हर मुका. पावणेदोनला बटण दाबलं गेलं आणि कुणाचाच फोन वाजला नाही. सगळे निवांत झोपले. नानांचा सकाळी मेसेज आला: झोप झ्याक झाली, मोटार नाय झाली.

२९ डिसेंबर

शिळी लाईट. परवा रात्री एकाचा फोन बंद होता. सकाळी सातला चालू केला आणि वहिनी ओरडल्या: लाईट आली ओऽऽ! तो मळ्यात पळाला. लाईट पहाटेच गेली होती.

एफसीएम न पोचलेली हाक, काही सांगितलं नाही तर, चार आठवडे जपून ठेवतं. 'लाईट आली' चं आयुष्य मी वीस मिनिटं केलं, बिबट्याचं एक तास. शिवाय दोन्हींना आपापली एकच जागा: नवी हाक आली की जुनी पुसली जाते. आणि तिसरं, करड्या रंगाचं छोटं बटण: लाईट गेली. ते वाजत नाही, आधीची सूचना उतरवून घेतं.

५ जानेवारी २०२५

कारखान्यांच्या तोडी सुरू आहेत. ऊस तुटला की आतला बिबट्या दुसऱ्या फडात सरकतो, आणि लाल बटण पिवळ्यापेक्षा जास्त दाबलं जायला लागलं. त्यातून दोन गोष्टी शिकलो.

एक, 'बिबट्या' एवढं पुरत नाही. लगेच तीस जण विचारतात, कुठं? म्हणून लाल बटणानंतर मळ्यांची यादी: वरचा मळा, ओढ्याचा मळा, दऱ्याचा मळा, डीपीची वाट, शाळेमागं. नकाशा आणि जीपीएस घालायचा मोह झाला होता. दादानं हाणून पाडला: "मला टिंब दिसून काय उपयोग? मळ्याचं नाव ऐकलं की पाय थांबतात." सूचनेतच वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकाचं बटण दिलं; दाबलं की फोन लागतो.

दोन, व्हिडिओ. कुठल्या तरी गावचा जुना व्हिडिओ कुणीतरी गटावर टाकतो आणि मागोमाग घाबरून कुणीतरी लाल दाबतो. आता लाल बटण दाबल्यावर एकच प्रश्न येतो: स्वतः पाहिला की ऐकला? 'ऐकला' म्हटलं तर मेसेज जातो, गजर वाजत नाही. यावर घरात वाद झाला. नाना म्हणाले, ऐकलेला पण खरा निघू शकतो. वहिनी म्हणाल्या, रोज रात्री ऐकलेला वाजला तर खऱ्याला कोण उठणार? वहिनींचं ऐकलं.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून गटावर तिळगुळाची चित्रं धो धो. एकही फोन वाजला नाही. दुपारी तीनला थ्री फेज आली, सगळे वाजले. आज एवढंच.

१९ जानेवारी

सदतीसच्या सदतीस फोनांवर ॲप आहे, पण हाक सगळ्यांना पोचत नाही. गजर वाजला की फोन सर्व्हरला पोच देतो, पोच मोजली. चांगल्या रात्री चौतीस, वाईट रात्री एकोणतीस. उरलेल्यांत बंद फोन, रेंज नसलेले फोन आणि ती कात्रीवाली बॅटरी. प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये बसून दोन तास घालवले. दोन फोन वाढले. पुढच्या अपडेटनंतर त्यांतला एक पुन्हा गेला.

यावर अजून काय करता येईल ते नानांना सांगत होतो: दुसरी वाट, तिसरी वाट, एसएमएस. नानांनी मध्येच तोडलं. "ज्याला पोचलं नाय त्याचं नाव दाखव. मी मिस कॉल देतो."

ॲप येण्याआधी गावात हेच चालायचं म्हणे. दोन रिंगा म्हणजे लाईट.

बटण दाबणाऱ्याला मिनिटाभरानं आता यादी दिसते: न पोचलेली नावं, प्रत्येकापुढं फोनचं चिन्ह.

२६ जानेवारी

काल रात्रीची नोंद सर्व्हरवरून उतरवतो. १ वाजून ५२ मिनिटांनी आप्पांनी पिवळं दाबलं. मिनिटाभरात एकतीस पोचा. सहा नावं उरली. आप्पांनी चार मिस कॉल दिले, दोन नानांनी. मोटारी पाळीनं सुरू झाल्या, डीपी शाबूत.

दादाला टोमॅटोच्या भावाचं चौथं बटण हवंय. नानांनी नको म्हटलं: "भावानं झोप उडतीच. त्याला बटण कशाला?"

ओढ्यापलीकडच्या डीपीवाल्यांनी ॲप मागितलंय. गट वेगळा करावा लागणार, एका गटात दोन डीपींच्या लाईटी नकोत. बिबट्या मात्र दोन्हीकडे वाजायला हवा, तो डीपी बघून येत नाही. आणि दऱ्याच्या मळ्यातल्या दोघांच्या दोन मोटारी दोन डीपींवर आहेत. त्यांच्या फोनवर वहिनींचा आवाज कुठल्या लाईटचा, हे कळायचं कसं? पलीकडच्या डीपीला वेगळ्या बाईंचा आवाज घ्यावा, असं सध्या मनात आहे. वहिनींना अजून विचारलेलं नाही.